वारा पात्याला फिरवतो का पातं वाऱ्याला?

आमचं गाव पाटण तालुक्यातलं. वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या आल्या तेव्हा मी शाळेत होतो. २००३ च्या दुष्काळात पारावर एकच बोलणं चालायचं, "ही पाती ढग हाकलत्यात." आजोबा शेवटपर्यंत तेच म्हणायचे. पवनचक्क्या नसलेल्या सोलापूर-नगरच्या गावांतही तेव्हा टँकर धावत होते, पण हे त्यांना कोण सांगणार? उत्तर म्हणून गावात एक छापील पत्रक आलं. ते कुणी वाचलं नाही. पारावर पसरलेल्या गोष्टीला कागदानं उत्तर मिळत नसतं.

गेल्या यात्रेत आमच्या भजनी मंडळानं यावर भारूड केलं. म्हातारीचं सोंग घेतलेल्या गड्यानं यात्रेतलंच एक कागदी भिरभिरं हातात धरलं. गडी जागचा हलेना, भिरभिरंही फिरेना. मग पदर खोचून तो मंडपभर धावला, तसं ते गरगरलं. "आता सांगा, वारं ह्याला फिरवतंय का ह्यो वाऱ्याला?" बायका हसून लोटपोट. घरातला पंखा वीज खाऊन वारा देतो, पवनचक्की वारा घेऊन वीज देते. वीस वर्षांचा घोळ पाच मिनिटांत सुटला!

म्हणून मनापासून वाटतं, सौर आणि पवन ऊर्जेची गोष्ट भारुडातून, पोवाड्यातून, बतावणीतून सांगायला हवी. ही रीत आपल्या मातीतलीच आहे. सत्यशोधकांचे जलसे याच भागात गावोगाव फिरले, वाटेगावच्या अण्णाभाऊंनी कामगारांचं दुखणं वगात आणलं. पण सरकारी मराठीतलं योजनेचं परिपत्रक चालीवर म्हणायचं, याला मी कलापथक म्हणणार नाही. आणि नुसती आरतीही नको. पठारावरच्या कित्येक जमिनी कवडीमोलानं गेल्या, तेही गाण्यात आलंच पाहिजे. त्याशिवाय लोक पुढचं ऐकणार नाहीत.

सांगण्यासारखं तर हाताशीच आहे. आमच्याच तालुक्यातलं मान्याचीवाडी राज्यातलं पहिलं सौरग्राम झालं. छतावर तीन किलोवॅटचं सौर पॅनेल बसवलं तर केंद्राकडून ७८ हजारांचं अनुदान मिळतं. दिवसा जादा झालेली वीज लाइनीत जाते आणि तेवढे युनिट बिलातून वजा होतात. "मीटर उलटा कसा मोजतो?" हा प्रश्न आमच्याकडे अजून दर दुसऱ्या घरात विचारतात.

आमचं पुढचं भारूड त्याच मीटरवर बसतंय. पेटीवाला आहे, हलगीवाला आहे, तालीम सुरू झालीय. म्हातारीचं सोंग पुन्हा त्याच गड्यानं घ्यावं, असा गावातल्या समद्या बायकांचा हट्ट आहे.