"इंजिन बे कापला" या रिव्ह्यूला गॅरेजकडून उत्तर

नमस्कार बाब,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. तुम्ही लिहिलंय की बॉनेट उचलून धरणाऱ्या गॅस स्ट्रटच्या (गॅस भरलेल्या नळी-दांडीच्या) कीटच्या डब्यावर "नो कट, नो ड्रिल" असं स्पष्ट छापलेलं होतं, तासाभराचं बोल्ट लावायचं काम होतं, आणि फोंड्याच्या या गॅरेजवाल्यांनी गाडी दिवसभर ठेवली, न विचारता इंजिन बेमधलं (बॉनेटखालच्या जागेतलं) कंपनीचं प्लॅस्टिक कापलं, वायरिंग हलवलं, कीटमधले स्ट्रट काढून कमी ताकदीचे घातले तेही चित्राच्या उलटे, बॉनेटचा जुना स्टँड काढला नाही आणि वर बिल जास्त लावलं. "न विचारता" आणि "जास्त" हे दोन शब्द सोडले तर बाकी सगळं आम्ही केलंय, ते खरंच आहे. का केलं ते इथेच लिहितो, कारण असे कीट आता गोव्यात बरेच जण ऑनलाइन मागवतायत आणि त्यांनाही हे माहीत असलेलं बरं.

डब्यावरचं चित्र परत एकदा नीट बघा. त्यातल्या गाडीचं स्टिअरिंग डावीकडे आहे. म्हणजे कीट बनवणाऱ्याने मापं घेतली ती डाव्या स्टिअरिंगच्या गाडीवर, आणि त्या गाडीत ब्रेकचा बूस्टर, मास्टर सिलिंडर, ब्रेक ऑइलची डबी हे सगळं डावीकडे असतं, उजव्या मडगार्डपाशी जागा मोकळी. आपल्याकडे बरोबर उलटं. त्यामुळे स्ट्रट धरणारा डावा ब्रॅकेट चित्रात दाखवलाय तसाच बसला, दोन बोल्ट, दहा नंबरचा पाना, काम झालं. उजवा ब्रॅकेटसुद्धा बोल्टाच्या भोकावर बसत होता हो, पण बॉनेट खाली आणलं की स्ट्रट ब्रेक ऑइलच्या डबीच्या झाकणावर टेकायचा.

हे नुसतं वाकून बघितलं तर कळत नाही, कारण बॉनेट बंद झाल्यावर आत काय चाललंय ते दिसणार कसं. म्हणून आमच्याकडे पोरांच्या खेळण्यातली क्ले ठेवलेली असते. डबीच्या झाकणावर, वायरिंगच्या पट्ट्यावर, काऊलच्या (काचेखालच्या प्लॅस्टिक कव्हरच्या) कोपऱ्यावर, बॉनेटच्या आतल्या फासळीवर छोटे छोटे गोळे लावायचे, बॉनेट दोन्ही हातांनी धरून हळूहळू लॉकपर्यंत न्यायचं, परत उघडायचं आणि गोळा किती चेपलाय ते मोजायचं. तुमच्या गाडीत झाकणावरचा गोळा पूर्ण सपाट झाला होता, एक मिलिमीटरसुद्धा उरला नव्हता, झाकणावरची अक्षरं उलटी त्यावर उमटली होती. गाडी उभी असताना ही परिस्थिती. तुम्हीच सांगितलं होतं की महिन्यातून एकदा तरी चोर्ला घाटातून बेळगावला जाणं होतं, तिथल्या खड्ड्यांत बॉनेट थरथरतं, तेव्हा तो स्ट्रट त्या झाकणावर घासत राहणार. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं, झाकणाला चीर गेली की पाणी शिरतं, ऑइल कमी तापमानाला उकळायला लागतं आणि घाट उतरताना पेडल मऊ पडतं. हे मी तुम्हाला घाबरवायला लिहीत नाही, पण आमच्या हातून बसवलेला पार्ट ब्रेकच्या डबीवर टेकलेला मी सोडणार नाही. कमीत कमी ५ मिलिमीटर जागा सुटली तरच गाडी बाहेर जाते.

मग जागा करायची कुठून? आमच्याकडे याचा क्रम ठरलेला आहे. आधी कीटचा ब्रॅकेट बदलायचा, कारण तो गाडीचा पार्टच नाही. त्याने भागलं नाही तर क्लिपवर बसणारं प्लॅस्टिक, जे नवीन मिळतं. गाडीचा पत्रा आणि वायर यांना कटर लावायचा नाही म्हणजे नाही. काही जण उजव्या मडगार्डच्या आतली कड ग्राइंडरने उडवतात, दहा मिनिटांत मोकळे होतात आणि वरून काळा स्प्रे मारतात, दिसायला झकास. पण गोव्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि किनाऱ्याकडे राहणाऱ्यांच्या गाडीला खारं वारं वेगळंच, पत्र्याची कापलेली कड आतून गंजायला लागते आणि बाहेरून फुगा दिसेपर्यंत आतलं खाऊन झालेलं असतं. तुमची गाडी किनाऱ्याकडचीच. म्हणून तो शॉर्टकट घेतला नाही.

ब्रॅकेटखाली ८ मिलिमीटरचा स्पेसर टाकला. तो तयार मिळत नाही, वायसर एकावर एक रचून काम करणारे लोक आहेत पण ते वायसर हळूहळू बसतात आणि बोल्ट ढिला होतो, म्हणून कुंडईला लेथवर स्टेनलेसचा टर्न करून आणला आणि बोल्ट तेवढाच लांब घेतला. दिवस गेला तो मुख्यतः यात गेला. लेथवाल्याकडे आपलं एकट्याचं काम नसतं.

स्पेसरने झाकण सुटलं पण स्ट्रट वर आल्यामुळे त्याची नळी काऊलच्या कोपऱ्याला लागायला लागली, आणि खालचं टोक वायरिंगच्या अगदी जवळ आलं. वायरिंग "हलवलं" म्हणजे काय ते सांगतो. वायरींचा जो जाड जुडगा (हार्नेस) मडगार्डच्या कडेने जातो त्याची एक प्लॅस्टिकची क्लिप भोकातून काढली आणि हार्नेस तिथल्याच दुसऱ्या बोल्टला रबर लावलेल्या क्लॅम्पने धरला. साधारण दोन बोटं सरकला. एकही वायर कापली नाही, जोडली नाही, सोलली नाही, कनेक्टर उघडला नाही. वरून कापडी टेप मारली कारण साधी पीव्हीसी टेप इंजिनच्या गरमीत चिकट होऊन सुटते. जुनी क्लिप फेकलेली नाही, ग्लव्ह बॉक्समध्ये छोट्या पिशवीत आहे, सोबत मडगार्डचे मूळ बोल्टही आहेत.

आणि काऊल. कापलेला तुकडा अंगठ्याच्या नखाएवढा आहे, तोही त्याच पिशवीत सापडेल. तुम्हाला भीती वाटतेय की आता पावसात पाणी आत जाणार. ती भीती बरोबर जागेची आहे, कारण काचेवरून ओघळणारं पाणी काऊलच झेलतं आणि दोन्ही बाजूंना सोडतं, त्याच्याखाली वायपरची मोटर असते आणि एसीची बाहेरची हवा घ्यायचं तोंडही तिथेच असतं. काऊल मधोमध कापला असता तर मी स्वतः म्हटलं असतं की चूक केली. आपण कापलाय तो अगदी बाहेरचा कोपरा, रबर पट्टीच्या पलीकडचा, जिथे पाणी असंही मडगार्डमधून खालीच जातं. कापल्यावर कड कानसीने घासून गोल केली आणि काचेवर पाइप लावून पाणी सोडून बघितलं, वायपर मोटरची बाजू कोरडी होती. तो व्हिडिओ तुम्हाला पाठवलाय. उद्या गाडी विकायची झाली किंवा सर्व्हिस सेंटरवाल्याने वॉरंटीवरून काही काढलं तर काऊल नवीन टाकून, क्लिप भोकात परत बसवून, स्ट्रट उतरवून गाडी पहिल्यासारखी होते. पत्रा कापला असता तर ते झालं नसतं.

आता "न विचारता" बद्दल. दुपारी तुम्हाला काऊलचा फोटो पाठवला, पांढऱ्या मार्करने रेघ मारलेला, किती आणि कुठे कापणार ते दाखवून, आणि स्ट्रट बदलायचे तर किती पैसे जास्त लागतील तेही त्याच मेसेजमध्ये लिहिलं. तुमचं उत्तर "ओके करा" असं आलं, मगच ब्लेड लावलं. स्क्रीनशॉट इथे टाकत नाही कारण त्यात तुमचा नंबर आहे, पण तुमच्या फोनमध्ये ते असेलच. घाईत वाचलं असेल तर समजू शकतो, कामाच्या वेळी सगळ्यांचं तसंच होतं. पण आमच्या पोरांनी विचारलं नाही असं लिहिलंत ते त्यांना लागलं.

स्ट्रटच्या ताकदीचं जरा हिशोबाने सांगतो. तुमच्या कीटमधल्या प्रत्येक स्ट्रटवर ३५० एन, म्हणजे न्यूटन, छापलंय. १० न्यूटन म्हणजे जवळपास १ किलोचा जोर, म्हणजे एक ३५ किलोने ढकलणार, दोन मिळून ७०. समजा बॉनेट १५ किलोचं आहे, त्याचा भार बिजागरीपासून ५० सेंटीमीटरवर आणि स्ट्रट ढकलतो बिजागरीपासून १८ सेंटीमीटरच्या अंतरावर. १५ गुणिले ५० म्हणजे ७५०, त्याला १८ ने भागलं की ४२ किलोच्या आसपास, दोघांत वाटले की प्रत्येकी २१, म्हणजे २१० एन पुरेसे. आम्ही २२० चे घातले. ३५० चे घातले असते तर बॉनेट फटकन वर गेलं असतं, व्हिडिओत मस्त दिसलं असतं, पण बॉनेट बंद असतानाही स्ट्रट ढकलतच असतो, रात्रंदिवस, आणि सगळा जोर बिजागरीपाशी येतो. आतला नायट्रोजन तापला की जोर अजून वाढतो, २५ डिग्रीला ३५० असेल तर बॉनेटखाली ७० डिग्रीला ४०० होतो. काही महिन्यांत काचेकडचे दोन्ही कोपरे उचलल्यासारखे दिसतात, मडगार्डशी गॅप बिघडते, बॉनेट लॉक करायला वरून जोर लावावा लागतो आणि तिथे हाताचा डेंट पडतो. अशा गाड्या आमच्याकडे येतात, नंतर सरळ करून घ्यायला. पत्रा एकदा वळला की पूर्ण पहिल्यासारखा होत नाही. तुमचे ३५० वाले स्ट्रट डब्यासकट डिकीत ठेवलेत, ते आम्ही ठेवून घेतलेले नाहीत.

तुम्ही म्हणता बॉनेट आपोआप उघडत नाही, पहिला फूटभर हाताने उचलावं लागतं. बरोबर, तसंच ठेवलंय. बंद स्थितीत स्ट्रट जवळजवळ आडवा असतो त्यामुळे त्याला उचलायला लिव्हर मिळत नाही, थोडं वर आलं की मग तो धरतो आणि स्वतः वर नेतो. चुकून लॉक सुटलं तर बॉनेट स्वतःहून उसळून काचेवर येऊ नये हा त्यात फायदा आहे.

उलटे बसवले म्हणता, तर नळी बॉनेटकडे आणि बारीक दांडी खाली मडगार्डकडे असं मुद्दाम केलंय, कीटच्या चित्रात काही असो. नळीत थोडं ऑइल असतं, दांडी खाली असली की ते सीलवर राहतं, सील ओलं राहतं म्हणून गॅस लवकर सुटत नाही, आणि बॉनेट वर पोचताना शेवटी धक्का न बसता अलगद थांबतं. डिकीच्या शॉकअपवर कितीतरी गाड्यांत असंच बघायला मिळेल. फक्त त्या चकचकीत दांडीवर टेप, ग्रीस, पेंट काही लावू नका, मऊ फडक्याने पुसा, ओरखडा गेला की सील गेलं.

स्टँड ठेवलाय कारण कुठलाही गॅस स्ट्रट कायमचा नसतो. काही वर्षांनी ढिला पडणारच, आणि तो ढिला पडलाय हे तुमचं डोकं आत असतानाच कळतं. पावसाळ्यात पठारावर वारं सुटलं असताना बॉनेट उघडायची वेळ आली तर स्टँडही लावा.

बिलात मजुरी, लेथचे पैसे, लांब बोल्ट आणि दोन स्ट्रट, प्रत्येकाची वेगळी ओळ आहे, लेथवाल्याची पावती सोबत स्टेपल केलेली आहे. क्लॅम्प, टेप, पाण्याची टेस्ट याचे पैसे लावलेले नाहीत.

स्टार बदला असं मी म्हणणार नाही, तो तुमचा हक्क. पण गाडी एकदा घेऊन या, चवथीच्या आधी, नंतर आमच्याकडे उभं राहायला जागा नसते. तुमच्यासमोर क्ले लावून बॉनेट बंद करू, कुठे किती जागा सुटलीय ते तुम्ही स्वतः मोजा. तरीही ३५० वालेच हवे असं वाटलं तर आम्ही ते बसवणार नाही, पण २२० वाले उतरवून त्यांचे पैसे परत देऊ आणि गाडी स्टँडवर पहिल्यासारखी करून देऊ, मजुरी घेणार नाही. रविवार सोडून कधीही या, शक्यतो सकाळी, इंजिन गार असताना. देव बरें करूं.