सर्व्हेटसला जाळले ते कोणाच्या हुकमाने?

‘जिनिव्हाचा हुकूमशहा जॉन कॅल्विन याने फुप्फुसातील रक्ताभिसरणाचा शोध लावणाऱ्या मिगेल सर्व्हेटस या शास्त्रज्ञाला विज्ञानासाठी जिवंत जाळले.’ हा मजकूर वर्षानुवर्षे फिरतो आहे. विवेकवादी गटांत तो विशेष लोकप्रिय. त्याला उत्तर म्हणून कॅल्विनच्या बाजूने जे लिहिले जाते तेही ठरलेले: ‘तो काळच तसा होता.’ मला दोन्ही पटत नाहीत. २७ ऑक्टोबर १५५३ रोजी जिनिव्हाबाहेर शाम्पेल इथे सर्व्हेटसला जिवंत जाळले, एवढे निर्विवाद आहे. कॅल्विनला सोडवायला मी बसलेलो नाही. पण या मजकुरात त्याचा खरा अपराध झाकला जातो आणि त्याच्याबरोबरचे सगळे मोकळे सुटतात.

आधी ‘हुकूमशहा’ या शब्दाचे बघू. प्रोटेस्टंट धर्मसुधारक कॅल्विन जिनिव्हात परका होता, फ्रान्समधून आलेला निर्वासित. १५३६ मध्ये तिथल्या फारेल या सुधारक धर्मोपदेशकाने आग्रहाने त्याला ठेवून घेतले आणि १५३८ मध्ये नगर परिषदेने दोघांनाही हाकलून दिले. १५४१ मध्ये परिषदेनेच त्याला परत बोलावले. शहराचे नागरिकत्व त्याला मिळाले १५५९ मध्ये, म्हणजे सर्व्हेटसच्या मृत्यूनंतर सहा वर्षांनी. १५५३ मध्ये त्याला तिथे मताचा अधिकारही नव्हता. सत्ता होती ती दरवर्षी निवडल्या जाणाऱ्या चार सिंडिकांची (नगराच्या मुख्य अधिकाऱ्यांची) आणि त्यांच्यासह सुमारे पंचवीस जणांच्या लहान परिषदेची. फाशी, हद्दपारी, तुरुंग हे सारे याच परिषदेच्या हातात.

चर्चचा कारभार १५४१ च्या नियमावलीने ठरला. पाळक, शिक्षक, वडील (मंडळीतले ज्येष्ठ) आणि डीकन (गोरगरिबांची काळजी घेणारे) अशी चार पदे. कोल्हापूर भागात प्रेस्बिटेरियन मिशनने रुजवलेल्या मंडळ्या ज्यांनी जवळून पाहिल्या आहेत, त्यांना यातले पाळक आणि वडील लगेच ओळखीचे वाटतील. पाळक आणि बारा वडील मिळून कन्सिस्टरी. दर गुरुवारी ती बसायची आणि नवरा-बायकोची भांडणे, दारू, जुन्या कॅथलिक सवयी अशा गोष्टींवरून लोकांना बोलावून समज द्यायची. पण हे बारा वडील नगरातल्याच परिषदांमधून निवडले जात आणि अध्यक्षस्थानी एक सिंडिक असे. कन्सिस्टरीचे सर्वांत मोठे हत्यार म्हणजे प्रभुभोजनापासून, म्हणजे चर्चमधल्या भाकर आणि द्राक्षारसाच्या पवित्र विधीपासून, दूर ठेवणे. तेही तिच्या एकटीच्या अधिकारात आहे की नाही, यावर पाळक आणि परिषद यांच्यात वर्षानुवर्षे रस्सीखेच चालली होती.

ती टोकाला गेली नेमकी सर्व्हेटसचा खटला चालू असताना. कॅल्विनचा एक विरोधक फिलिबेर बर्तेलिए याच्यावरची प्रभुभोजनाची बंदी परिषदेने परस्पर उठवली. सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी कॅल्विनने व्यासपीठावरून सांगितले की, जीव गेला तरी मी त्याला प्रभुभोजन देणार नाही. बर्तेलिए त्या दिवशी आला नाही, म्हणून प्रसंग टळला. ज्याला आपल्याच चर्चमधली एक बंदी टिकवायला असा जीव पणाला लावावा लागतो, त्याला हुकूमशहा म्हणणे मला जमत नाही. त्या वर्षी परिषदेत जोर होता तो आमी पेरां आणि त्याच्या गटाचा, म्हणजे कॅल्विनच्या विरोधकांचा.

मग तो दुबळा होता का? तेही नाही. १५४६ मध्ये पिएर आमो नावाचा लहान परिषदेचा एक सदस्य आपल्या घरी जेवताना बोलून गेला की कॅल्विन दुष्ट आहे आणि खोटी शिकवण देतो. परिषदेने त्याला तुलनेने हलकी शिक्षा ठरवली: दोनशेच्या सभेपुढे (दोनशे जणांच्या मोठ्या परिषदेपुढे) गुडघे टेकून कॅल्विनची माफी मागायची. कॅल्विनला ती पुरली नाही. शिक्षा वाढवल्याशिवाय मी उपदेशाला उभा राहणार नाही, यावर तो अडून बसला. शेवटी आमोला उघड्या डोक्याने, अंगात नुसता सदरा आणि हातात पेटती मशाल घेऊन शहरभर क्षमा मागत फिरवले. पदाशिवायचा दबाव चालतो तो असा, आणि मला तो साध्या हुकमापेक्षा जास्त भयंकर वाटतो. कारण हुकमावर निदान कोणाची तरी सही असते.

‘विज्ञानासाठी जाळले’ हे मात्र सरळ चूक आहे. फुप्फुसातून रक्त कसे फिरते याचे वर्णन सर्व्हेटसने केले आहे, आणि ते चांगले आहे. (तेराव्या शतकात इब्न अल-नफीसने ते आधीच केले होते.) पण ते आले आहे १५५३ मध्येच छापलेल्या त्याच्या धर्मशास्त्राच्या ग्रंथात, पवित्र आत्मा माणसात कसा येतो हे समजावताना. रक्ताभिसरणाबद्दल त्याच्यावर आरोप ठेवलाच नव्हता. शिक्षा झाली ती त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच सनातन देव) आणि बालबाप्तिस्मा (तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देणे) नाकारल्याबद्दल. याचा पुरावा त्याच्या शेवटच्या हाकेतच आहे. चितेवरून तो ओरडला, ‘येशू, सनातन देवाच्या पुत्रा, माझ्यावर दया कर.’ ‘देवाच्या सनातन पुत्रा’ म्हणाला असता तर त्याने माघार घेतली असे झाले असते. आगीतही त्याने ‘सनातन’ हे विशेषण पुत्राला लावले नाही. ज्या श्रद्धेसाठी त्याने जीव दिला ती काढून घेऊन त्याला प्रयोगशाळेतला हुतात्मा करणे हा त्याच्यावरचा अन्यायच आहे.

आता हुकूम कोणाचा, ते. १३ ऑगस्टला सर्व्हेटस जिनिव्हात ओळखला गेला आणि कॅल्विनच्या सांगण्यावरून त्याला अटक झाली. फिर्यादी म्हणून उभा राहिला कॅल्विनचा लेखनिक. पण खटला परिषदेने चालवला, आणि हे सर्व्हेटसला पुरते ठाऊक होते. तुरुंगातून तो परिषदेलाच पत्रे लिहीत होता: उवा मला जिवंत खात आहेत, विजार फाटली आहे, बदलायला सदरा नाही. याच पत्रव्यवहारात त्याने कॅल्विनलाही अटक करा अशी मागणी केली. परिषदेने झ्युरिक, बर्न, बाझेल आणि शाफहाउझेन इथल्या चर्चचे मत मागवले. चारही उत्तरे त्याच्या विरोधात आली. पेरांने प्रकरण दोनशेच्या सभेकडे नेण्याचा प्रयत्न केला, तो फसला. निकाल जाळण्याचा लागला. कॅल्विनने जाळण्याऐवजी शिरच्छेद करा अशी विनंती केली, ती परिषदेने मानली नाही. दयेचा पुरावा म्हणून ही विनंती पुढे करणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की मृत्यूदंड त्यालाही हवाच होता.

आणि कॅल्विनचा खरा अपराध या खटल्याच्या आधीचा आहे. १५४६ मध्येच त्याने फारेलला लिहिले होते की सर्व्हेटस इथे आला आणि माझ्या शब्दाला काही वजन असले, तर मी त्याला जिवंत जाऊ देणार नाही. पुढे १५५३ मध्ये सर्व्हेटस फ्रान्समधल्या व्हिएन गावात नाव बदलून वैद्यकी करत होता. तिथल्या कॅथलिक अधिकाऱ्यांपर्यंत त्याची ओळख पोहोचली ती जिनिव्हातल्या गियोम द त्री या निर्वासिताच्या पत्रांतून. त्या पत्रांसोबतची सर्व्हेटसच्या हस्ताक्षरातली कागदपत्रे कॅल्विनकडची होती. ज्या यंत्रणेपासून कॅल्विन स्वतः पळून आला होता, तिच्याच हाती त्याने एक माणूस दिला. सर्व्हेटस कैदेतून निसटला, म्हणून व्हिएनमध्ये त्याचा फक्त पुतळा जाळता आला. फिरणाऱ्या मजकुरात यातले एक अक्षरही नसते.

राहिला ‘काळच तसा होता’ हा बचाव. १५५४ च्या सुरुवातीला कॅल्विनने आपल्या समर्थनाचे पुस्तक काढले, आणि त्याच वसंतात बाझेलमधून पाखंड्यांना मारण्याविरुद्ध एक ग्रंथ टोपणनावाने निघाला. त्यामागे प्रामुख्याने सेबास्टियन कॅस्टेलिओ होता, एकेकाळी कॅल्विनच्याच जिनिव्हात शाळा चालवलेला. त्याने कॅल्विनच्या पुस्तकाला मुद्देसूद उत्तरही लिहिले. माणसाला मारणे म्हणजे सिद्धान्ताचे रक्षण नव्हे, माणसाला मारणेच होय, हे त्याचे वाक्य त्याच उत्तरातले. म्हणजे हा विचार त्या काळातच झाला होता, फक्त कॅस्टेलिओचे उत्तर छापू दिले गेले नाही. कॅस्टेलिओ १५६३ मध्ये वारला. त्याचे ते उत्तर नेदरलँड्समध्ये छापून निघाले १६१२ साली.