हाजिका चीचर

आईबाबांनी हौसेनं नाव ठेवलं राधिका. कांपिनासला आल्यापासून मी हाजिका आहे. ब्राझीलच्या पोर्तुगीजमध्ये शब्दाच्या सुरुवातीच्या 'र'चा 'ह' होतो आणि 'दि'चा 'जि'. खुद्द रिओला ही माणसं 'हिऊ' म्हणतात, तिथे माझी काय कथा! नवऱ्याचे हाल त्याहून वाईट. लिहिलेला 'ह' इथे मुका, वर शेवटच्या 'त'ला 'ची'ची शेपटी. हेमंतचा झाला एमांची.

रोज संध्याकाळी मी सात जणांना इंग्रजी शिकवते. 'टी' म्हणा म्हटलं की 'ची' येतं. चहाला कुणी 'ची' म्हटलं की मला 'छी'च ऐकू येतं आणि आतला पुणेकर दुखावतो. रेसिफीच्या आजी तेवढ्या सरळ 'ती' म्हणतात, कारण त्यांच्याकडे 'ति'चा 'चि' होत नाही. पण गाव विचारलं की 'हेसीफी'!

खरा छळ शब्दाच्या शेवटी. आपण अक्षराचा पाय मोडतो. ही मंडळी दयाळू, मोडक्या पायाला लगेच वेलांटीची कुबडी देतात. फेसबुकचं फेसिबुकी, हिपहॉपचं हिपी-हॉपी. मी 'डॉग' म्हणून ओठांवर बोट ठेवलं. 'ग'नंतर गप्प! वर्ग चिडीचूप. मग मागच्या बाकावरून हळूच आवाज आला, "...गी."

गंमत म्हणजे इंग्रजी 'र' यांच्या तोंडात आहे. या भागात दाराला 'पोर्ता' म्हणताना जीभ अशी मागे वळते की माणूस अमेरिकेत वाढलाय असं वाटावं. शहरी लोक त्या 'र'ला गावंढळ म्हणून हसतात. मला तो सोन्यासारखा. बँकेतल्या कारकुनाला 'पोर्रर्र'वर थांबवलं आणि तिथूनच 'रेड'वर उडी मारायला सांगितली.

"पोर्रर्रेड!"

वा! आता फक्त 'पो' सोडा.

त्यानं सोडला. "हेड."

मंगळवारी वर्गानं सूड उगवला. एक नर्सबाई म्हणाल्या, "चीचर, तुमचा 'वाइन' आणि 'वाइन' एकच कसा?" एक दारू, दुसरा वेल. खालच्या ओठावर दात टेकून त्यांनी वेल काढून दाखवला, मग ओठांचा चंबू करून दारू. मला जन्मापासून एकच 'व' मिळालेला, तो मी दोन्हीकडे वापरत आले होते. सातही जण माझ्या तोंडाकडे बघत होते.

रात्री आरशासमोर खालचा ओठ चावत उभी होते. एमांची डोकावला.

"दाढ दुखतेय का गं?"