एवढं अंग हाय, मग दूध काऊन नाही?

लहान बहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. वजन 86 किलो, उंची जेमतेम पाच फूट, सिझर झालं. तिसरा दिवस उजाडला तरी दूध उतरलं नाही, नुसते चिकाचे चार थेंब. पाहायला आलेली प्रत्येक बाई खाटेजवळ येऊन तेच म्हणे, "एवढं अंग हाय वं पोरीचं, मंग दूध काऊन नाही?" ती भिंतीकडे तोंड करून रडायची. दोन वर्षं झाली, माझा राग अजून गेला नाही म्हणून लिहिते.

मी गावात आशा आहे. आमच्या यवतमाळकडे बाळंतिणीच्या वजनाचा विषय निघाला की वाळलेली, रक्त कमी असलेली पोरगीच सगळ्यांच्या डोळ्यासमोर येते. तिची काळजी पाहिजेच. पण 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात शंभरात साधारण 21 बाया कमी वजनाच्या निघाल्या अन् 23 जास्त वजनाच्या, या 23 जणींशी दुधाबद्दल कोण बोलतं?

वार पडली की प्रोजेस्टेरॉन, म्हणजे गरोदरपणात दूध थांबवून ठेवणारं संप्रेरक, झपाट्यानं उतरतं अन् मग दूध भरायला लागतं, बहुतेकींना दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. वजन जास्त असलं की बऱ्याचदा 72 तासही उलटून जातात. बाळ ओढतं तेव्हा प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध बनवणारं संप्रेरक, जेवढं वाढायला पाहिजे तेवढं पहिल्या आठवड्यात वाढत नाही, इन्सुलिनचं काम बिघडलेलं असतं तेही आड येतं, त्यात अशा बायांचं सिझर जास्त होतं, मग टाके, सलाईन, बाळ दुसऱ्या खोलीत, अन् पहिला तास तिथंच जातो. छाती जड असली तर लेकराला नीट तोंडात धरताच येत नाही. यात त्या पोरीची चूक कुठं आहे सांगा.

आमच्याकडे तर संध्याकाळीच पावडरच्या दुधाचा डब्बा आणून ठेवला होता. लेकरू डब्ब्यावर पोट भरून झोपलं की ओढत नाही, अन् ओढलं नाही की दूध अजून मागं पडतं. पान्हा डिंकाच्या लाडवानं फुटत नाही वो, लेकराच्या ओढण्यानं फुटतो! मी बाळाला तिच्या उघड्या छातीवर ठेवलं, टाक्यांना लागू नये म्हणून काखेखालून धरायला शिकवलं, रात्रीही दर दोन-तीन तासांनी लावलं, मधे हातानं चीक काढून वाटी-चमच्यानं पाजला. वजन अन् लघवीवर लक्ष ठेवलं, कारण पहिल्या दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतंच, पण दहा टक्क्यांच्या जवळ गेलं किंवा लेकरू मलूल पडलं तर घरी बसायचं नाही, डॉक्टरकडे न्यायचं. वरचं दूध द्यावं लागतं कधी कधी, अन् डॉक्टरनं तपासून सांगितलं तर त्यात लाज कसली. आईचं थायरॉईडही तपासून घ्यावं.

चौथ्या रात्री दोन वाजता तिनं मला हलवून उठवलं, ब्लाउज ओला झाला होता. बाराव्या दिवशी बाळ जन्माच्या वजनावर आलं.

आता गावात एका भारी अंगाच्या सुनेला नववा लागला आहे. परवा तिच्या घरी जाऊन लुगड्याची घडी काखेत धरून दाखवली. सासूनं सगळं ऐकून एकच विचारलं, "तिसऱ्या दिवशी नाही उतरलं तं?" म्हटलं, मामी, डब्बा आणायच्या आधी मले फोन लावजा, रात्र असली तरी लावजा.