ती राख अणुचाचण्यांची नाही

अंटार्क्टिकाच्या बर्फात ताऱ्याच्या स्फोटातलं लोह-60 (लोहाचा किरणोत्सारी प्रकार) सापडल्याची 2019ची बातमी म्हणजे थाप, असा मजकूर ग्रुपाग्रुपांत फिरतोय. त्याचं म्हणणं असं: धूळ वाऱ्यानं आलेली, लोह अणुचाचण्यांचं, आणि इतके थोडे अणू कोणी मोजूच शकत नाही.

वाऱ्याचं आधी घेऊ. पॅटागोनियाची माती तिथवर उडत जाते, हे खरंच. पण एवढा पल्ला गाठणारे कण साधारण 2 मायक्रोमीटरचे (मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). किनाऱ्यापासून 1,100 किलोमीटर आत, डोम सी इथे बर्फ वितळवून गाळलेले अवकाशी कण 30 ते 200 मायक्रोमीटरचे आहेत. त्यातही मॅग्नेशियम, सिलिकॉन, लोह, निकेल यांचं प्रमाण उल्कापाषाणांशी जुळतं का, हे पाहिलं जातं. (गच्चीवरचा गाळ चुंबकाला चिकटला की 'उल्का' म्हणून फोटो टाकणाऱ्यांनीही हे वाचावं.)

अणुचाचण्यांचा मुद्दा वरवर बिनतोड वाटतो. पण वातावरणातली शेवटची चाचणी चीनने 1980 मध्ये केली, आणि लोह-60 शोधायला जर्मनीच्या अंटार्क्टिकातल्या कोहनेन तळाजवळून उचललेला 500 किलो बर्फ जेमतेम वीस वर्षांत पडलेला होता.

खरी अडचण या मजकुरात आलेलीच नाही. सूर्यमालेतल्या धुळीवर वैश्विक किरण (अवकाशातून येणारे अतिवेगवान कण) आदळले की निकेलपासून लोह-60 तयार होतं. मग ते ताऱ्याचं कशावरून? त्यासाठी संशोधकांनी मँगनीज-53 (मँगनीजचा किरणोत्सारी प्रकार) ही मोजलं. तेही याच किरणांमुळे, पण लोहापासून बनतं. लोह-60 नुसतं किरणांमुळे बनलं असतं, तर दोघांचं प्रमाण उल्कांमधल्यासारखं आलं असतं. बर्फात लोह-60 त्या मानानं फारच जास्त निघालं. पृथ्वीच्या जन्मापासूनचं म्हणावं, तर लोह-60 चं अर्धायुष्य (निम्मे अणू विघटित व्हायला लागणारा काळ) 26 लाख वर्षं. ते कधीच संपून गेलं.

राहिली मोजणी. अणू मोजकेच होते, बोटांवर मोजण्याइतके. पंचाईत अशी की निकेल-60 चं वस्तुमान जवळपास तितकंच, आणि निकेल सगळीकडे असतं. म्हणून म्यूनिकजवळ गार्शिंगच्या त्वरकात अणूंना वेग देऊन वायू भरलेल्या चुंबकातून सोडलं. निकेलच्या केंद्रकात 28 प्रोटॉन, लोहात 26. वायूतून जाताना त्यांच्यावर सरासरी विद्युतभार वेगवेगळा राहतो, त्यामुळे वाटाही वेगळ्या होतात. मग शोधकात एकेक अणू ओळखता येतो.

'बर्फात ताऱ्यांची धूळ' हे मथळे मात्र फुगवलेलेच होते. तिथे पडणारी बहुतेक अवकाशी धूळ धूमकेतू आणि लघुग्रहांची, आपल्याच सूर्यमालेतली असते.