बंड्या, देवघळ आणि दीड वाजताची भरती : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. ‘कशेळीच्या देवघळीत कुत्रा घेऊन जा म्हणता, भरतीबद्दल एक अक्षर नाही. कासवांचं काय? शहरातली कुत्री कोकणात आणूच नका,’ असं तुम्ही माझ्या देवघळीवरच्या लेखाखाली लिहिलंत. (देवघळ म्हणजे कड्याखालचा चिमुकला समुद्रकिनारा.) भरतीचं निमूट मान्य. मी जे लिहायचं टाळलं, नेमकं तेच तुम्ही पकडलंत.

आम्ही गेलो त्या दिवशी वद्य द्वितीया होती. तिथीच्या आकड्याची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. दोन पाऊण दीड, दीडला पाणी पूर्ण भरणार. त्यात पौर्णिमा नुकतीच झालेली, म्हणजे उधाण. एवढा हिशेब येत असूनही मी साडेअकरापर्यंत खालीच. माझा कुत्रा बंड्या खडपांतल्या कुर्ल्यांमागे लागला होता आणि मला ते बघण्यात मजा येत होती. मग एक लाट थेट कड्याच्या पायथ्याला आपटली आणि आलो ती वाळूची पट्टीच दिसेना. अठरा किलोचं ओलं कुत्रं काखोटीला मारून गुडघाभर पाण्यातून, शेवाळावरून कसाबसा वाटेला लागलो. कालवांच्या धारेने त्याचा पंजा चिरला होता. वर सड्यावर, म्हणजे कड्यावरच्या सपाट माळावर, जांभा दगड मुळातच लाल, त्यामुळे रक्ताचे ठसे उमटतायत हे बराच वेळ कळलंच नाही.

हे लेखात नव्हतं, कारण लाज वाटली. फोटो मात्र हौसेने टाकले! आता दुरुस्ती केली आहे : भांगेच्या, म्हणजे उधाण नसलेल्या लहान भरतीच्या दिवसांत जा. अष्टमीला भरती सहाच्या सुमारास, म्हणजे नऊला उतरून बाराला वर. पावसाळ्यात नकोच, जांभा पाणी पितो आणि कड्याची कड ढासळते.

कासवांचं मात्र अर्धंच पटलं. देवघळीची वाळूची पुळण चिमूटभर. खरी काळजी जवळच्या गावखडीची, तिकडे वेळास-आंजर्ल्याची. नोव्हेंबर ते मार्च ऑलिव्ह रिडले तिथे अंडी घालतात, पिल्लं निघायला पन्नासेक दिवस लागतात, म्हणजे मेपर्यंत हंगाम. वास लागला की कुत्रं घरटं उकरणारच, माझंसुद्धा. त्या दिवसांत बंड्याला मी तिथे नेत नाही, पट्टा लावूनही नाही.

राहिलं ‘शहरातली कुत्री’. बंड्या पावसच्या एसटी थांब्यावर सापडला. शहरातला मी.