तो डोंगर मूळ निबंधात नाहीच

सोसायटीच्या ग्रुपवर परवा पुन्हा तो डोंगराचा आलेख आला. थोडं शिकलं की आत्मविश्वास शिखरावर, मग दरी, मग हळूहळू चढण. खाली मजकूर: 'अडाणी स्वतःला तज्ज्ञाहून शहाणा समजतो, हे 1999 साली सिद्ध झालंय. स्वतःबद्दलचं खरं कुणालाच नको असतं. म्हणून तुम्ही कसे आहात ते लोकांना विचारा.' पहिल्या मजल्यावरच्या काकांनी लगेच अंगठा दिला. रोख कुणावर होता, ते सगळ्यांना कळलं.

आधी डोंगर. मानसशास्त्रज्ञ डनिंग आणि क्रुगर यांच्या 1999च्या शोधनिबंधात तो कुठेही नाही. कॉर्नेल विद्यापीठातल्या या दोघांनी विनोद, तर्क आणि व्याकरण यांच्या चाचण्या घेतल्या. तळाचा गट शंभरात खालून 12व्या पायरीवर होता आणि स्वतःला 62व्या पायरीवर समजत होता. फाजील विश्वास आहेच की! पण वरच्या गटाने स्वतःला याहून वरचीच पायरी दिली होती, थोडी का होईना. म्हणजे 'तज्ज्ञाहून शहाणा' हे पदरचं. शिवाय जो तळाशीच आहे, त्याचा अंदाज चुकला तर वरच चुकणार. खाली जागाच कुठे असते?

लोकांना विचारा, हे अर्धंच खरं. मानसशास्त्रज्ञ सिमीन वझीर यांच्या 2010च्या अभ्यासात बुद्धीबाबत मित्रांचा अंदाज जास्त बरोबर निघाला, पण मनातल्या धाकधुकीबाबत ज्याचा त्याचाच.

राहिलं 'खरं कुणालाच नको असतं'. मग पेपर सुटल्यावर प्लॅटफॉर्मवर उभ्याउभ्या उत्तरं ताडून पाहणारी पोरं कोण? आमच्याच मजल्यावरची एक मुलगी स्पर्धा परीक्षा देते. उत्तरतालिका उघडण्याआधी ती प्रश्नपत्रिकेच्या कोपऱ्यात पेन्सिलीने स्वतःचा अंदाज लिहून ठेवते. गुण तर कळणारच असतात, तिला अंदाज किती हुकला ते बघायचं असतं.

तिचं पाहून मीही सुरू केलं. कॅनडातल्या विद्यार्थ्यांना प्रबंध सुमारे 34 दिवसांत होईल असं वाटलं होतं, लागले सुमारे 55. हा 1994चा अभ्यास वाचून मी हसलो होतो. आता कालनिर्णयच्या मागे रोज लिहितो: घर ते मुलुंड स्टेशन, 12 मिनिटं. लागली 17. मग 16. पाचरस्त्याला अडकलो त्या दिवशी 21. गेल्या सोमवारपासून अंदाज 15 केलाय. काल 18 लागली.